लशीत नेमके काय घालायचे?

आमच्या मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला पूर्णा नदी तापीला मिळते आणि तिथून तापी थेट सुरतेपर्यंत जाते. माणसेही त्याच वाटेने जातात. खानदेशातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा सुरतेत उधन्याला किंवा लिंबायतला असतो, लूमवर नाहीतर साडीच्या दुकानात. त्यामुळे सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली, तेव्हा ती आम्हाला परगावची वाटली नाही. सुरतेकडून भुसावळला येणाऱ्या गाड्या खचाखच भरून येऊ लागल्या. तोंडाला रुमाल बांधलेली पोरे एसटीने गावात उतरू लागली. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले.

आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच रात्री उशिरा आला. आईने त्याला ओट्यावरच थांबवले, अंगणात आंघोळ घातली आणि त्याची खाट गोठ्याजवळ टाकली. सकाळी त्याचे आजोबा माझ्याकडे आले. मी डॉक्टर नाही, पण हाती लागेल ते वाचणारा म्हणून गल्लीत माझी ओळख होती.

"भाऊ, देवीची लस निघाली, पोलिओची निघाली. मंग याचीच लस कामून नही?"

"आहे ना आबा. मुंबईतच निघाली. शंभर वर्षं होत आली."

"मंग टोचत कामून नही?"

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढची अनेक वर्षे मिळेल तिथून वाचत, जाणकारांना विचारत मी ते शोधत राहिलो. उत्तर शेवटी एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाशी येऊन थांबले : लशीत जिवाणूचा नेमका कोणता भाग घालायचा?

ओळख कशावरून पटते

रोगाचा जिवाणू आपल्याला एक ठिपका वाटतो. प्रत्यक्षात तो एक भरलेले घर असतो. त्याच्यात हजारो प्रकारची प्रथिने असतात, बाहेरून भिंत असते, काहींच्या अंगावर साखरेच्या लांबलचक साखळ्यांचा थर असतो, काही बाहेर विष सोडतात. आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा हे घर अख्खे ओळखत नाही. ती त्याचे तुकडे ओळखते. ज्या तुकड्यावरून तिला परक्याची ओळख पटते तो प्रतिजन, म्हणजे अँटिजेन. त्या तुकड्याला नेमकी चिकटणारी जी प्रथिने शरीर तयार करते ती प्रतिपिंडे. लस म्हणजे रोग येण्याआधीच करून दिलेली ही ओळख.

आता अडचण अशी, की सगळ्या तुकड्यांची ओळख सारखी उपयोगाची नसते. घराच्या आतल्या भांड्यांची यादी पाठ असून दारात उभ्या असलेल्या चोराला धरता येत नाही. प्रतिपिंडे जिवाणूच्या बाहेरच्या अंगाला चिकटतात, त्यामुळे आत दडलेला प्रतिजन त्यांच्या हाती लागत नाही. बाहेर असलेला प्रत्येक भागही जिवाणूला गरजेचा असतोच असे नाही. काही भाग तो बदलतो, काही टाकून देतो. काही तर आपल्याच शरीरातल्या भागांसारखे दिसतात आणि शरीर त्यांच्याकडे दुर्लक्ष करते. लस शोधणे म्हणजे या गर्दीतून कामाचा तुकडा निवडणे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी या निवडीची साधनेच नव्हती. तेव्हा एका माणसाने अख्खे घरच उचलून लशीत घातले.

तुपाखालच्या पारंब्या

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातला ताप हा प्लेग आहे, हे मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. प्लेगचा जिवाणू त्याच्या दोनच वर्षे आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले हे ज्यू शास्त्रज्ञ तेव्हा पटकीच्या लशीसाठी हिंदुस्थानात होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले.

हाफकिन यांनी मांसाच्या रश्शात जिवाणू वाढवले आणि रश्शावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जिवाणू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत, वडाच्या पारंब्यांसारखे. चंबू हलवला की पारंब्या तळाशी पडत आणि थेंबांखाली नव्या फुटत. असे कित्येक आठवडे चाले. मग सगळे तापवून जिवाणू मारायचे, थोडे कार्बॉलिक ॲसिड घालायचे, की लस तयार. तिच्यात जिवाणूंची प्रेते होती आणि त्यांनी रश्शात सोडलेला रसही होता. नेमके कशाने संरक्षण मिळेल हे ठाऊक नसल्यामुळे दोन्ही ठेवणे शहाणपणाचे होते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. त्यांना ताप आला आणि उतरला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना ती दिली. टोचून घेतलेल्यांत प्लेग कमी झाला आणि मृत्यूही कमी झाले. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. लस नवी होती आणि तिच्या भोवतीचे दिवस असे होते. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून तिला आपण हाफकिन संस्था म्हणतो.

या लशीने पुष्कळ जीव वाचवले, पण तिच्या मर्यादा अख्ख्या घरासोबतच आल्या होत्या. जिवाणूच्या भिंतीतल्या द्रव्यांमुळे टोचल्यावर ताप येई, दंड सुजे. रोजंदारीच्या माणसाचा दिवस बुडे. संरक्षण अर्धेमुर्धे मिळे आणि काही महिन्यांत ओसरे. गाठीच्या प्लेगला तिचा उपयोग होता, पण फुप्फुसाच्या प्लेगपासून, म्हणजे श्वासावाटे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या प्लेगपासून, अशा मेलेल्या जिवाणूंच्या लशी भरवशाने वाचवू शकत नाहीत. सुरतेतला प्लेग मुख्यतः फुप्फुसाचा होता. आबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते : लस होती, पण या रूपातल्या प्लेगसाठी नव्हती.

अंगरखा

लशीत कोणता तुकडा कमी पडत होता? त्याचा पहिला माग १९३२ मध्ये लागला. लंडनच्या लिस्टर संस्थेत शुट्झे यांनी दाखवले, की प्लेगचा जिवाणू शरीराच्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला वाढवला की अंगावर एक आवरण चढवतो. कमी तापमानाला वाढवला तर ते नीट चढत नाही. यामागे जिवाणूचे जीवन आहे. पिसवाच्या पोटात तो थंड असतो, तिथे त्याला आवरणाची गरज नसते. माणसाच्या अंगात शिरला की ऊब लागते आणि तो अंगरखा घालतो. या अंगरख्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना त्याला गिळणे अवघड जाते.

हाफकिन यांचे चंबू अंगाच्या उष्णतेत नव्हे, मुंबईच्या हवेत ठेवलेले असत. त्यांच्या पारंब्यांतल्या जिवाणूंच्या अंगावर हा अंगरखा पुरता चढत नसणार, असा माझा अंदाज आहे. म्हणजे लशीत शत्रू होता, पण तो पिसवाच्या पोटातल्या वेशात. माणसाच्या अंगात तो वेगळ्याच वेशात उभा राहतो.

पुढे १९५२ मध्ये अमेरिकेत कार्ल मायर यांच्या गटाने हे आवरण जिवाणूपासून वेगळे करून शुद्ध केले. त्याला एफ-१ म्हणतात. आता अख्ख्या घराऐवजी एकच तुकडा लशीत घालता येईल अशी आशा वाटू लागली. पण प्रयोगांत दिसले, की अंगरखा नसलेले प्लेगचे जिवाणूही प्राण्यांना मारू शकतात. म्हणजे जिवाणूला अंगरखा उपयोगी आहे, पण त्याच्यावाचून त्याचे अगदीच अडते असे नाही. लस फक्त अंगरखा ओळखायला शिकवत असेल, तर अंगरखा टाकून आलेला जिवाणू तिच्या नजरेतून सुटेल.

१९५०च्या दशकातच इंग्लंडमध्ये दुसरा प्रतिजन सापडला, 'व्ही'. तो काय काम करतो हे समजायला आणखी काही दशके गेली. प्लेगच्या जिवाणूकडे सुईसारखे एक अवजार असते. ते तो आपल्या पेशीत खुपसतो आणि त्यातून विषारी प्रथिने आत सोडून पेशीला लुळी करतो. व्ही हे प्रथिन त्या सुईच्या टोकाशी बसते. त्याला प्रतिपिंड चिकटले की सुई निकामी होते. ही सुई मात्र जिवाणूला टाकून देता येत नाही, कारण तिच्यावाचून त्याला रोगच करता येत नाही. म्हणून आज प्लेगच्या नव्या लशींच्या प्रयोगांत एफ-१ आणि व्ही जोडीने वापरतात.

चांगला प्रतिजन कोणता, याची पहिली कसोटी मला इथे सापडली. जिवाणूला जे टाकून देणे परवडत नाही, ते निवडावे.

मलकोवालचा धनुर्वात

ज्या रोगाने हाफकिन यांच्या आयुष्याची घडी विसकटली, त्याच रोगाने प्रतिजनाच्या शोधाला दुसरी वाट दाखवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना गावातच दूषित झाली असावी, हे मान्य व्हायला आणि त्यांच्यावरचा डाग पुसायला १९०७ साल उजाडले. त्यासाठी रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांना लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहावे लागले.

धनुर्वाताचा जिवाणू प्लेगसारखा अंगभर पसरत नाही. तो जखमेत बसून राहतो आणि तिथून विष सोडतो. माणूस मरतो तो विषाने. म्हणून इथे जिवाणूकडे पाहायचेच नाही, फक्त विषाची ओळख करून द्यायची. पण विष टोचणार कसे? १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी वाट काढली. विषात फॉर्मलिन घालून ते काही काळ उबेत ठेवले, की त्याचा विखार जातो पण चेहरामोहरा तसाच राहतो. शरीर तो चेहरा ओळखायला शिकते. अशा मोडलेल्या विषाला टॉक्सॉइड म्हणतात. गावातल्या बायकांना गरोदरपणी मिळणारी 'टीटीची सुई' ती हीच. नाळ विळ्याने किंवा अशाच कशाने कापल्यामुळे आठवड्याभरात ताठ होऊन जाणारी बाळे आमच्या आजीच्या पिढीने पाहिली होती. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. स्वच्छ बाळंतपणाच्या जोडीला यात त्या मोडलेल्या विषाचा मोठा वाटा आहे.

चांगदेवाचे कोरे पत्र

काही जिवाणूंचा अंगरखा प्रथिनाचा नसून साखरेच्या साखळ्यांचा असतो. न्यूमोनियाचा, मेंदूज्वराचा, विषमज्वराचा जिवाणू या जातीचे. ही साखर बाहेरच्या बाजूला असते, मुबलक असते, म्हणजे प्रतिजन म्हणून उत्तम. मोठ्या माणसांत नुसत्या साखरेची लस चालतेही. पण दोन वर्षांखालच्या मुलांत ती जवळजवळ फुकट जाते, आणि मेंदूज्वर सर्वांत जास्त धोक्याचा याच वयात.

आमच्या भागातली कथा सर्वांना ठाऊक आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतले, मायना काय लिहावा ते कळेना, म्हणून कोरेच पाठवले. तान्ह्या मुलाला साखरेची लस म्हणजे असे कोरे पत्र. हाती पडते, पण त्यात वाचण्यासारखे काही दिसत नाही. याचे कारण असे, की टिकाऊ प्रतिकारशक्तीसाठी एका जातीच्या पांढऱ्या पेशींची मदत लागते आणि त्या पेशी साखर वाचत नाहीत, प्रथिन वाचतात. उपाय एव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ च्या सुमारास प्राण्यांवर दाखवला होता : साखर एखाद्या प्रथिनाला रासायनिक टाक्याने जोडा. मदतनीस पेशी प्रथिन वाचतात आणि त्यासोबत साखरेचीही ओळख पक्की होते. मुलांसाठीच्या लशीत हा उपाय यायला आणखी अर्धे शतक गेले.

हे जोडीदार प्रथिन म्हणून बऱ्याचदा कोणते घेतात? धनुर्वाताचे टॉक्सॉइड. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवात १९६६ मध्ये झाली आणि धनुर्वातावरची औषधे हे तिचे अगदी आरंभीचे काम होते. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेंदूज्वराचा पट्टा आहे. १९९६-९७ च्या साथीत तिथे सुमारे अडीच लाख माणसे आजारी पडली आणि सुमारे २५ हजार गेली. त्यातली बहुतेक साथ 'ए' गटाच्या जिवाणूची होती. मोठ्या कंपन्यांना या लशीत नफा दिसेना. तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' या संस्थेने पुण्याशी हात मिळवला. 'ए' गटाची साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडून लस तयार झाली आणि तिची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवण्यात आली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये ती देण्यास प्रारंभ झाला. पुढच्या पाच वर्षांत २० कोटींहून अधिक माणसांना ती मिळाली आणि 'ए' गटाचा मेंदूज्वर त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. मलकोवालच्या १९ माणसांना ज्या विषाने मारले, तेच मोडून-बांधून बुर्किना फासोच्या मुलांच्या दंडात साखरेचा मायना लिहीत होते.

पण इथेही जिवाणू गप्प बसत नाही. 'ए' मागे हटला तरी 'सी', 'डब्ल्यू', 'एक्स' असे इतर गट त्या पट्ट्यात साथी आणतच राहिले. त्यांची साखर वेगळी असल्याने जुनी ओळख त्यांच्यावर चालत नाही. म्हणून पुण्यातच पाच गटांची लस बनली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरली. दुसरी कसोटी ही : निवडलेला तुकडा एका घराण्यापुरता आहे की सगळ्या भाऊबंदांत सापडतो, ते पाहावे.

पोथीतून शोध

मेंदूज्वराच्या 'बी' गटाने तर शास्त्रज्ञांची कोंडीच केली. त्याची साखर आपल्या मज्जातंतूंवरच्या साखरेसारखी असते. शरीर तिला परकी मानत नाही, आणि मानायला शिकवले तर स्वतःवरच उलटण्याची भीती. मग इटलीतल्या सिएना शहरात रिनो रापुओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा रस्ता धरला. जिवाणू वाढवून त्याचे तुकडे तपासण्याऐवजी त्यांनी त्याची सगळी जनुकसंहिता वाचून काढली. पोथी वाचून कोणती प्रथिने बाहेरच्या अंगाला असतील ते संगणकाने ताडले. त्यातली साडेतीनशेच्या आसपास प्रथिने दुसऱ्या निरुपद्रवी जिवाणूत बनवून उंदरांना टोचली, आणि उंदरांच्या रक्तातली प्रतिपिंडे जिवाणूला खरोखर मारतात का ते पाहिले. साडेतीनशेतून कसोटीला उतरली ती पंचवीस-तीस. हे २००० साली प्रसिद्ध झाले. त्यातली निवडक प्रथिने घेऊन बनलेल्या लशीला युरोपात २०१३ मध्ये परवानगी मिळाली. आज बहुतेक जिवाणूंच्या लशींचा शोध असाच पोथीपासून सुरू होतो.

तरी पोथी सगळे सांगत नाही. जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूचे एक प्रथिन असेच निवडले होते. बाहेरच्या अंगाला असलेले, लोह मिळवण्यासाठी त्याला गरजेचे. प्राण्यांत लस उत्तम चालली. माणसांवरची मोठी चाचणी मात्र २०११ मध्ये थांबवावी लागली. संरक्षण मिळाले नाहीच, उलट लस घेऊनही ज्यांना हा संसर्ग झाला त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले. प्रतिपिंडे तयार होणे आणि ती कामाला येणे यात अंतर असते, आणि ते शेवटी माणसातच कळते. हाफकिन यांनी सुई आधी स्वतःच्या अंगाला का लावली, ते इथे कळते.

आबांना

सुरतेला परत जातो. तिथे तो आजार खरोखर प्लेग होता की नाही यावर तेव्हा बरेच वाद झाले. जिवाणू वाढवून दाखवणे तिथल्या धावपळीत अवघड गेले होते. तेव्हा रुग्णांच्या रक्तात कसला पुरावा शोधला गेला? एफ-१ विरुद्धच्या प्रतिपिंडांचा. प्लेगचा जिवाणू अंगात येऊन गेला असेल तर शरीराने त्याचा अंगरखा लक्षात ठेवलेला असतो. लशीसाठी अपुरा ठरलेला तो तुकडा साक्षीदार म्हणून कामी आला.

गल्लीतल्या त्या मुलाला काही झाले नाही. त्याने गोळ्या घेतल्या, आठवडाभर गोठ्याजवळ झोपला आणि दिवाळीनंतर परत लूमवर गेला. त्या वर्षी देशाला लशीने नाही, टेट्रासायक्लिनसारख्या साध्या गोळ्यांनी वाचवले. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, मादागास्करमध्ये एका रुग्णात प्लेगचा असा जिवाणू सापडला, की ज्याला टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन अशी नेहमीची औषधे लागू पडत नव्हती. सुदैवाने त्याची साथ पसरली नाही. पण तो सापडल्याचे वाचले तेव्हा मला गोठ्याजवळची खाट आठवली. अशा जिवाणूने भुसावळची गाडी धरली असती, तर औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेला काही अर्थ उरला नसता.

आबा आता नाहीत. असते तर त्यांना सांगितले असते, की आबा, लस होती, पण तिच्यात शत्रूचा योग्य वेश नव्हता. योग्य तुकडा कोणता ते आता बरेचसे कळले आहे. तो घालून लस सिद्ध करण्याचे काम चालू आहे. तोवर गावात उंदीर मरून पडू लागले तर लगेच दवाखान्यात कळवायचे, एवढे आपल्या हाती आहे.